शेपटीवरून गाव, गावावरून जात

मित्रांनो, एक खेळ आहे. शिकलेल्या पोरांचा खेळ. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत, रात्री अकराच्या चहाला तो रंगतो. एकानं गावाच्या नावाची नुसती शेपटी सांगायची, बाकीच्यांनी मुलूख ओळखायचा. हळ्ळी म्हटलं की कर्नाटक. पेट म्हटलं की तेलंगणा. कुडी म्हटलं की तामिळनाडू. गुडी म्हटलं की उत्तर बंगाल. वली म्हटलं की आपलं कोकण. पोरं हुशार, पटापट उत्तरं देतात. मीही खेळलो. मलाही येतं.

मग माझी पाळी आली. मी म्हणालो, "महारवाडा."

चहाचे ग्लास हातातच राहिले. एक जण हसला आणि लगेच गप्प झाला. दुसरा फार सभ्यपणानं बोलला, "अरे, हे गावाचं नाव थोडंच आहे!"

त्या एका वाक्यासाठी हा लेख. त्या पोराचा मला राग नाही. पोरगं चांगलं आहे, माझ्या डब्यात जेवतं. ते वाक्य त्याचं नाहीच. शाळेच्या भूगोलानं, कचेरीतल्या नकाशानं आणि घरातल्या मुकाट्यानं ते त्याच्या तोंडात घातलंय. गावाचं नाव ते गावाचं, आणि आमच्या वस्तीचं नाव म्हणजे नावच नव्हे. साली हजार वर्षं जी वस्ती गावाला खेटून उभी आहे, तिला नाव नाही?

म्हणून म्हटलं, हा खेळ आता आपण खेळू. शेवटपर्यंत खेळू. बघू कोण कुठं थांबतं.

१

आधी खेळ समजून घेऊ. तो खोटा नाही. उगाच खोटा म्हणण्यात आपला फायदाही नाही.

गावाच्या नावाची शेपटी म्हणजे बहुतेक वेळा त्या-त्या भाषेतला वस्तीसाठीचा साधा शब्द. कानडीत हळ्ळी म्हणजे खेडं, म्हणून देवनहळ्ळी. तेलुगूत पल्ली, म्हणून मदनपल्ली. पण तीच पल्ली तामिळनाडूत तिरुचिरापल्लीला आहे, म्हणजे एका शेपटीवर भरवसा ठेवायचा नाही. ऊर म्हणजे गाव. हा शब्द दक्षिणेतल्या चारही भाषांत आहे: म्हैसूर, गुंटूर, तंजावूर, कण्णूर. केरळात कोड आणि शेरी: कोळिकोड, तलश्शेरी. काश्मिरात पूरचं पोर झालं: सोपोर, बांदीपोरा. आपल्याकडं कोकणात वली: कणकवली, डोंबिवली, बोरिवली. गोंदियाकडं टोला. ठाणे-पालघरच्या डोंगरात पाडा. बंजारा माणसं राहतात तिथं तांडा.

भाषा सरकते, नाव जागेवर राहतं. राष्ट्रकूट राजे स्वतःला लत्तलूरचे म्हणवून घेत. लत्तलूर म्हणजेच आजचं लातूर, असं इतिहासकार मानतात. लातूरच्या शेपटीला दक्षिणेतला ऊर चिकटलेला आहे. आज तिथं मराठी बोलतात. म्हणजे मराठी-कानडीचे झेंडे घेऊन भांडणाऱ्यांनी आधी गावांच्या शेपट्या बघाव्यात. कोणती भाषा कुठवर होती हे गावाचं नाव त्यांच्यापेक्षा नीट सांगतं.

पण हा खेळ फसतो, आणि फसतो तिथंच खरी गंमत आहे. नेर म्हटलं की अमळनेर, जामनेर, पारनेर. आपण म्हणतो खानदेश-नगरकडचं. मग बीकानेर आणि सांगानेर? ते राजस्थानात. पूरचं तर विचारूच नका. नागपूर, कानपूर, जयपूर, रायपूर, पार समुद्रापलीकडं सिंगापूर. पूर हा काही एका मुलखाचा शब्द नाही. तो राजांबरोबर, पुराणांबरोबर, व्यापाऱ्यांबरोबर फिरला. आबादही तसंच. ते फारसी दरबाराबरोबर आलं. आपल्या गावांच्या मागं लागलेलं बुद्रुक आणि खुर्द हेही फारसीच. बुजुर्ग म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे लहान. एकाच नावाची दोन गावं वेगळी ओळखायला हे शब्द लागले. कुठल्याही कट्टर मराठी माणसाच्या पत्त्यावर बघा, बुद्रुक नाहीतर खुर्द बसलेलं असतं, आणि त्याला पत्ताच नसतो.

म्हणजे शेपटी दोन गोष्टी सांगते. एक, तिथं कुठली भाषा होती. दुसरी, तिथं कुणाची सत्ता होती. पहिली गोष्ट विद्वान आवडीनं सांगतात. दुसरीवर जरा हळू बोलतात.

आणि तिसरी गोष्ट? ती कुणीच सांगत नाही.

२

तिसरी गोष्ट कळण्यासाठी एकच शब्द घेतो. वाडा.

विजयवाडा आंध्रात. भिलवाडा राजस्थानात. छिंदवाडा मध्य प्रदेशात. मराठवाडा आपला. वाडा म्हणजे कुंपण घातलेली, वेढलेली जागा. हा शब्द सगळीकडं फिरलाय, त्याच्यावरून मुलूख ओळखता येत नाही.

आता पुण्यात या. १७३२ साली बांधून झालेला शनिवारवाडा. तोही वाडा. आणि त्याच पुण्याच्या भोवती हजार गावांना चिकटलेला महारवाडा, मांगवाडा. तोही वाडा. एकच शब्द. एका वाड्याला तिकीट काढून बघायला जातात. दुसऱ्या वाड्याचं नाव सभ्य माणसाच्या तोंडून निघत नाही. शब्दात जात नव्हती. शब्द निष्पाप होता. त्याच्या आधी कोण बसलं त्यावरून त्याची किंमत ठरली.

आपली भाषा तर रोज साक्ष देते. माझी आजी सकाळी डोक्यावर पाटी घेऊन निघायची आणि म्हणायची, "गावात जाऊन यिती गं." ती गावातच राहत होती. तिचा जन्म तिथं, मरण तिथं, मतदार यादीत गावाचं नाव. तरी ती 'गावात' जात होती. ओढा ओलांडला की गाव. अलीकडं महारवाडा. 'गाव' या शब्दाचा अर्थच असा केलेला आहे की त्यात आपण बसत नाही. मग सांगा, ज्या नावाच्या शेपटीला 'गाव' आहे, त्या नावात माझी आजी आहे का? जळगाव, मालेगाव, कोरेगाव, अमुकगाव, तमुकगाव. शेपटी वाचून तुम्ही सांगाल, हे महाराष्ट्रातलं. बरोबर. पण ती शेपटी ओढ्यापर्यंतच पोचते.

आणि हे आपल्याकडंच आहे असं समजू नका. तामिळ मुलखात जा. तिथं गावाचे दोन भाग. सवर्णांचा भाग तो ऊर, परैयरांची वस्ती ती चेरी. तंजावूर-वेल्लूरच्या शेपटीला जो ऊर आहे, तोच हा ऊर. पूर्वी चेरी म्हणजे नुसती वस्ती, नुसती आळी. पुदुच्चेरी म्हणजे नवी वस्ती. तलश्शेरीच्या शेपटीलाही चेरीच. शहराच्या नावात ती मानानं बसली, आणि खेड्यात तिचा अर्थ अस्पृश्यांची जागा एवढाच उरला.

कर्नाटकात जा. ऊरु गावाचा, आणि होलेयांची ती होलगेरी. आंध्र-तेलंगणात जा. माला पल्ले, मादिगा पल्ले. बाहेर टाकलेली वस्ती ती वेलिवाडा. पुन्हा तोच वाडा. गुजरातेत जा, वणकरवास. बंगालात मुचीपाडा, डोमपाडा. त्यातलं एक मुचीपाडा तर कलकत्त्याच्या पोलीस ठाण्याचं नाव. उत्तर प्रदेशात चमरौटी. बिहारात दक्खिन टोला, कारण आपली माणसं गावाच्या दक्षिणेला. पंजाबात वेहडा.

आता खेळा. होलगेरी म्हटलं की कर्नाटक. चेरी म्हटलं की तामिळनाडू. दक्खिन टोला म्हटलं की बिहार. ओळखता येतो की नाही मुलूख? अगदी नेमका येतो. पूर आणि आबादपेक्षा नेमका. कारण राजाची नावं फिरतात, व्यापाऱ्याची फिरतात. बाहेर टाकलेल्या माणसाच्या वस्तीचं नाव फिरत नाही. त्याला फिरायची परवानगीच नव्हती.

म्हणून त्या रात्री मी जो शब्द टाकला होता, त्याचं उत्तर सगळ्यांत सोपं होतं. महारवाडा म्हणजे महाराष्ट्र. इरावती कर्व्यांनीच नोंदवून ठेवलंय की जिथवर महार पोचला तिथवर महाराष्ट्र, असं इथले जुने लोक सांगत. 'गाव तिथं महारवाडा' ही म्हण तर पोराटोरांना पाठ आहे. म्हणजे मराठी मुलखाची हद्द दाखवणारी खूण कुठली? किल्ला नव्हे, देऊळ नव्हे. महारवाडा. आणि तो शब्द ऐकून माझे मित्र म्हणाले, हे गावाचं नाव थोडंच आहे!

शेपट्या बदलतात. चेरी, केरी, वाडा, वास, पाडा, टोला. भाषा बदलली, लिपी बदलली, राजा बदलला. एक गोष्ट बदलली नाही. वस्ती बाहेर. वाऱ्याच्या आणि पाण्याच्या खालच्या अंगाला. हा देश एक आहे की नाही यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. मी म्हणतो, एक आहे. गावकुसाच्या बाहेर येऊन बघा.

४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेब उभे राहिले आणि खेड्याच्या प्रेमात पडलेल्यांना त्यांनी खेडं म्हणजे काय ते सुनावलं. तो माणूस नकाशा वाचून बोलत नव्हता.

३

आता तुम्ही म्हणाल, हा नुसता शब्दांचा खेळ आहे, याच्यानं कुणाचं काय बिघडतं?

सांगतो काय बिघडतं.

शहरात नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो. साहेब मोकळा माणूस. कागद बघता बघता विचारलं, "मूळचे कुठले?" मी जिल्हा सांगितला. "तालुका?" सांगितला. "गाव?" सांगितलं. साहेब खूश. "अरे, आमची मावशी तिथली!" मग हळूच, "गावात कुठं? देवळाजवळ का?" मी म्हणालो, "नाही. ओढ्याच्या पलीकडं."

बस्स. मुलाखत संपली. पुढं दहा मिनिटं बोलणं चाललं, पण मुलाखत संपली होती.

हा तोच खेळ आहे, मित्रांनो. नुसती पायरी पुढची. नावावरून मुलूख, मुलखावरून गाव, गावावरून वस्ती, वस्तीवरून जात. 'मूळचे कुठले' हा प्रश्न भूगोलाचा वाटतो. तो भूगोलाचा नसतो. आडनाव विचारणं आता असभ्य झालंय, म्हणून गाव विचारतात. पुण्या-मुंबईत घर भाड्यानं बघायला गेलेल्या कुणालाही विचारा.

आडनावाचंही तसंच. मराठी माणूस गावाला 'कर' लावतो आणि आडनाव तयार होतं. या 'कर'मध्ये एक सोय होती. ती जात लपवायची, मुलूख दाखवायची. आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं गाव. सकपाळांच्या पोराच्या नावाला शाळेत त्या गावावरून आंबडवेकर लागलं, पुढं आंबेडकर झालं. कोकणातल्या एका लहान गावाच्या नावावरून निघालेलं आडनाव. आज त्या आडनावावरून कुणी मंडणगड ओळखत नाही. जग ओळखतं. मुलूख सांगणाऱ्या नावाचा अर्थ एका माणसानं बदलून टाकला. नावाचा अर्थ बदलतो तो असा, माणसाच्या कामानं.

पण सगळ्यांचं तसं होत नाही. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी तपासून पाहिलं. नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणी कमी आली. बाकी सगळं सारखं. नुसतं नाव. आणि हे लोक आम्हाला विचारतात, नावात काय आहे!

४

नावात काय आहे, हा प्रश्न या देशात फक्त आपल्यालाच विचारला जातो. शहरांची नावं बदलतात, स्टेशनांची बदलतात, जिल्ह्यांची बदलतात. २०१८ ला अलाहाबादचं प्रयागराज झालं. २०२३ ला औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावं बदलली, २०२४ ला अहमदनगरचं. त्या भांडणात मी इथं शिरत नाही. मी एवढंच दाखवतो की नाव महत्त्वाचं असतं हे सत्तेला पक्कं ठाऊक आहे.

आपण नाव मागितलं तेव्हा काय झालं?

२७ जुलै १९७८. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत झाला. आणि मराठवाडा पेटला. आपल्या वस्त्या जळाल्या. माणसं मुलखातून परागंदा झाली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना मारलं. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. साडेपंधरा वर्षं. आणि लागलं तेही कसं? 'मराठवाडा' काढून नव्हे. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ'. आपण नामांतर मागितलं, मिळाला नामविस्तार.

विरोध करणारे काय म्हणत होते ते आठवा. आम्ही बाबासाहेबांच्या विरोधात नाही हो. आमचं प्रेम मराठवाडा या नावावर. मुलखाच्या अस्मितेचा प्रश्न आहे.

मुलूख!

आता आंध्रात चला. २०२२. कोनसीमा हा नवा जिल्हा झाला. त्याला डॉ. बी. आर. आंबेडकर कोनसीमा असं नाव द्यायचं ठरलं. २४ मे २०२२ ला अमलापुरममध्ये जमाव रस्त्यावर आला. एका मंत्र्याचं घर पेटवलं, एका आमदाराचं घर पेटवलं. त्यांचंही म्हणणं हेच, आमचं प्रेम कोनसीमा या नावावर. मुलखाच्या अस्मितेचा प्रश्न आहे. तरी पुढं नाव लागलंच. तेही कोनसीमा ठेवूनच.

चव्वेचाळीस वर्षं मध्ये गेली. भाषा वेगळी, राज्य वेगळं, पक्ष वेगळे. वाक्य तेच. काडी तीच.

यावरून मला जे कळलं ते सांगतो, आणि या लेखात सांगायचं तेवढंच आहे. हे लोक नावात मुलूख वाचतात, कारण त्यांना नावातली जात वाचायची नसते. आणि आपण नाव मागितलं की हाच मुलूख ढाल म्हणून पुढं करतात. मुलूख हे जातीवरचं पांघरूण आहे. थंडी वाजली की ओढतात. ओढताना आमचे पाय उघडे पडतात, त्याचं कुणाला काही नाही.

आपल्या पोरांनी हे पांघरूण काही वेळा फाडलंय. २०१६ च्या जानेवारीत हैदराबाद विद्यापीठातून वसतिगृहाबाहेर काढलेल्या पाच जणांनी उघड्यावर बिऱ्हाड मांडलं. त्या जागेला त्यांनी नाव काय दिलं? वेलिवाडा. विद्यापीठाच्या नकाशात, ग्रंथालय आणि प्रशासन भवनाच्या शेजारी, वेलिवाडा. रोहित वेमुला त्यांतला एक. १७ जानेवारीला तो गेला. पण ज्या नावाची लाज वाटावी म्हणून ते आपल्याला दिलेलं होतं, ते नाव त्या पोरांनी तुमच्या दारात उभं केलं. हे गावाचं नाव थोडंच आहे, असं म्हणायची सोय ठेवली नाही.

५

आता आपल्याच घरातलं भांडण. ते केल्याशिवाय लेख पुरा होत नाही.

२ डिसेंबर २०२० ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं ठरवलं की वस्त्यांची जातिवाचक नावं काढायची. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली. त्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं. केरळानं २०२४ च्या जूनमध्ये 'कॉलनी' आणि 'ऊरु' हे शब्द काढायचा आदेश केला. तिथं ऊरु म्हणजे आदिवासी पाडा. बघा, शेजारच्या तामिळनाडूत ऊर म्हणजे सवर्णांचं गाव, इथं आदिवासींची वस्ती. शब्द तोच. तामिळनाडूनं २०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारी दप्तरातून 'कॉलनी' काढायचं जाहीर केलं. कॉलनी! सरकारनं घरकुलं बांधली, चांगला इंग्रजी शब्द दिला, आणि बघता बघता तोच शब्द शिवीसारखा झाला. आधी चेरी होती, मग कॉलनी झाली, आता आणखी काही होईल.

यात धडा आहे. वस्ती जिथं आहे तिथंच राहिली आणि नुसतं नाव बदललं, तर नवं नाव जुन्याची कामगिरी करायला लागतं. आज पत्त्यावर 'भीमनगर' लिहिलं की समोरच्याला काय कळतं? 'सिद्धार्थनगर' म्हटलं की? 'रमाबाई आंबेडकर नगर' म्हटलं की? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. त्या वस्तीचं नाव जातिवाचक नव्हतं. गोळ्यांना पत्ता सापडला.

एक गोष्ट मात्र अभिमानानं सांगेन. आपण स्वतः दिलेल्या नावांनी त्या खेळाची पार वाट लावली. भीमनगर म्हटलं की मुलूख ओळखा बघू! नागपूर, सोलापूर, गुलबर्गा, हैदराबाद, आग्रा, कुठलंही असेल. सिद्धार्थनगर मुंबईत आहे आणि उत्तर प्रदेशात तर अख्खा जिल्हा आहे. आंबेडकर नगर नावाचाही जिल्हा तिथंच, १९९५ पासून. मध्य प्रदेशातल्या महूचं २००३ ला डॉ. आंबेडकर नगर झालं. एका भाषेत न मावणारी, एका मुलखात न बसणारी ही नावं. दक्खिन टोला, चेरी, महारवाडा ही आपल्याला दिलेली नावं वेगवेगळी होती. आपण घेतलेली नावं एक झाली. देशाची एकता कुणी केली ते इथं बघा.

म्हणून जे मित्र म्हणतात, 'नावं बदलून काय होतंय, पोट भरतंय का,' त्यांना मी सांगतो, गप्प बसा. नावासाठी माणसं मेलीत. मेलेल्यांचा अपमान करू नका.

आणि जे मित्र म्हणतात, 'पाटी बदलली, सुटलो, आता जुनं नाव कागदावरूनही खोडून टाका, त्याची लाज वाटते,' त्यांना मी सांगतो, थांबा. लाज कुणाची? महारवाडा हे नाव आपण नाही ठेवलं. ते ठेवणाऱ्याच्या गुन्ह्याचा पुरावा आहे. पुरावा कुणी स्वतःच्या हातानं जाळतं का?

पुरावा म्हणतो तो नुसता भाषणातला नव्हे. सातबारा काढा. त्यावर एक रकाना असतो, 'शेताचे स्थानिक नाव'. कुठं तिथं लिहिलेलं असतं हाडवळा, कुठं हाडकी, कुठं महारकी. ही महार वतनाच्या जमिनीची नावं. रात्रंदिवस गावाची वेठ करायची आणि त्याच्या बदल्यात हा तुकडा. या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणलं. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ ग्रामवतनं गेली. जमीन भरणा करून परत मिळायची तरतूद झाली, कलेक्टरच्या परवानगीवाचून ती विकायची नाही अशी अट आली. मग आज हाडवळ्यात कुणाचा ऊस उभा आहे? कुणाचं मंगल कार्यालय? कुणाचे प्लॉट पडलेत? परवानगी कुणी दिली, कधी दिली, कागद कुठाय? त्या जमिनीचं सगळं बदललं, एक नाव तेवढं म्हाताऱ्यांच्या तोंडी शिल्लक आहे. उद्या त्या जागेचं नाव 'क्रांतीनगर फेज दोन' झालं, की हाडवळा कुठं होता हे दाखवायला माणूस मिळणार नाही. जमीनही जाईल आणि जमीन होती ही आठवणही जाईल.

६

म्हणून मित्रांनो, सभा-मिरवणुका आहेतच, पण या उन्हाळ्यात गावाकडं जाल तेव्हा एवढं करा.

एक वही घ्या. म्हाताऱ्या माणसांजवळ बसा, विशेषतः बायांजवळ. त्यांना वाटा ठाऊक असतात. वस्तीला आतापर्यंत काय काय नावं होती, कुणी ठेवली, कुणी बदलली ते लिहा. ओढ्याचं नाव, विहिरीचं नाव, आपल्या पाणवठ्याचं आणि त्यांच्या पाणवठ्याचं नाव, मेलेली ढोरं टाकायची जागा, आपलं मसणवटं, येसकराची पाळी बसायची ती जागा. सगळं. लाजू नका. म्हाताऱ्या सांगताना रडतील, त्यांना रडू द्या, आणि लिहा.

दुसरं, तलाठ्याकडून सातबारा आणि जुने फेरफार काढा. हाडवळा, हाडकी, महारकी असं काही आलं की लाल रेघ मारा. एकट्यानं जाऊ नका, चौघं जा.

तिसरं, गावाचा नकाशा आपल्या हातानं काढा. ओढा कुठून कुठं वाहतो, डांबरी कुठं संपते, नळ कुठवर आला, दिवा कुठवर आला. तलाठ्याच्या नकाशात जे नाही ते या नकाशात दिसलं पाहिजे.

आणि चौथं, मग नाव ठेवा. सरकारच्या यादीतलं बघून नव्हे. वस्तीनं बसून, बायांना पुढं बसवून ठरवा. ग्रामसभेत जाताना नावाचा अर्ज आणि रस्त्या-पाण्याचा अर्ज एकाच टाचणीत लावून द्या. एक मंजूर आणि दुसरा बाजूला, असं होऊ देऊ नका. नाव आणि नळ एकाच दिवशी आला पाहिजे. आणि त्या नव्या पाटीखाली, बारीक अक्षरात का होईना, जुनं नाव आणि कुठल्या सालापर्यंत ते होतं हे लिहा. पोरांना कळू द्या आपण कुठून चालत आलो.

वह्या या अंकाकडं पाठवा. स्टेन्सिल कापून आम्ही छापू. शाई पसरेल, अक्षर तुटेल, तरी वाचता येईल.

त्या रात्रीच्या मित्राला मी हा अंक देणार आहे. त्याला म्हणणार आहे, बाबा, पुढच्या वेळी खेळताना शेपटी सोड. एकच प्रश्न विचार, या गावाचं दुसरं नाव काय? ओढ्यापलीकडचं? ज्या दिवशी तुला स्वतःच्या गावाचं ते दुसरं नाव न अडखळता सांगता येईल, त्या दिवशी तुला भूगोल आला असं मी समजेन.

आणि ज्या दिवशी गावाला दुसरं नावच उरणार नाही, माझी नात 'गावात जाऊन यिती' असं म्हणणार नाही, कारण ती गावातच असेल, त्या दिवशी आपण सगळे मिळून तो खेळ खेळू. हळ्ळी, पल्ली, ऊर, वली. मजेत खेळू. त्याच्या आधी नाही.

जयभीम.